बादलीतली गोड मिरची

वाळलेली मिरची हातात आली की ते आधी ती कानाशी नेऊन हलवायचे. नाकाशी नाही, डोळ्यांपुढे नाही, कानाशी. मान तिरकी, डोळे बंद, जणू लांबच्या नातेवाइकाचा फोन आला आहे आणि आवाज नीट येत नाही. आत बिया खुळखुळल्या की मगच देठ मोडायचे, वास घ्यायचे आणि तुटलेला काठ जिभेच्या टोकाला लावायचे. मग डावा डोळा मिटायचा. तो डोळा किती वेळ मिटलेला राहतो, यावर त्या ढिगाचं नशीब ठरायचं.

"मिरची पहिले आयकावं, मंग पायावं, मंग चाखावं," ते म्हणायचे. पवनीच्या मिरचीच्या अडतीत त्यांनी हेच काम चाळीस वर्षं केलं. सगळा बाजार त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो.

एकदा एका कास्तकाराने वजन वाढावं म्हणून पोत्यांवर पाणी शिंपडून माल आणला होता. काकाजींनी एक मिरची उचलली, कानाशी हलवली आणि हळूच खाली ठेवली. "काल पाणी पेली हे."

"नाही जी काकाजी, देवाशपथ!"

"मी तुले कुठं काही म्हणून राहिलो गा? हे मिरचीच सांगून राहिली."

आजूबाजूला देठं तोडत बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कास्तकारही हसला. काकाजींनी पकडलं की अपमान वाटायचा नाही, डॉक्टरने नाडी ओळखावी तसं वाटायचं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. सोनं ओळखणारा, बैल ओळखणारा, पाणी कुठे लागेल ते सांगणारा. आमच्या नशिबी मिरची ओळखणारा आला.

मी त्यांचा शेजारी. आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. चौकात माझं बी-बियाणांचं आणि खताचं दुकान आहे. आणि आता सांगायला हरकत नाही, मला तिखट झेपत नाही. पवनीत राहून तिखट न झेपणं म्हणजे वैनगंगेकाठी राहून पोहता न येणं. लग्नाच्या पंगतीत मी रश्श्यात गुपचूप पाणी ओततो. हे गुपित गावात एकट्या काकाजींनी ओळखलं होतं, तेही पहिल्याच जेवणात. "बियावाले, तुमची जीभ अजून दूध पिऊन राहिली," ते कानाशी येऊन म्हणाले. पुढे वर्षानुवर्षं पंगतीत ते माझ्या शेजारी बसायचे आणि वाढप्याने माझ्या पानात टाकलेला ठेचा सफाईने आपल्या पानात ओढून घ्यायचे. माझी अब्रू त्या ठेच्यात होती आणि ती ते दर पंगतीत पोळीला लावून खायचे.

शिमला मिरचीवर मात्र त्यांचा भारी राग. माझ्या दुकानात एका हंगामात घरच्या बागेसाठी म्हणून एक नवीन वाण आलं. ठेंगणी गोड मिरची. झाड गुडघ्याच्या वर जात नाही, बादलीत येतं, आणि रोप लावल्यापासून दोन महिन्यांत फळ. पाकिटावर लालभडक गुबगुबीत चित्र. काकाजींनी पाकीट दोन बोटांत धरलं, जसं कुणी मेलेला उंदीर धरतं.

"हे मिरची होय का गा?"

"मिरचीच आहे काकाजी. घराणं तेच."

"घराणं तेच असन. पण हा त्या घरचा घरजावई होय. फुगून बसला, काम काई नाई."

ते पाकीट कुणीच घेतलं नाही. मिरचीच्या गावात गोड मिरची विकायला ठेवणारा मी, त्या वर्षी चौकात करमणुकीचा विषय झालो.

आता वाईट भाग. ज्या जिभेवर अख्खी अडत चालायची, त्या जिभेशेजारच्या गालात तीस वर्षं खर्रा होता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन तळहाताने घोटत बसायचं, हे आमच्याकडे कामाचाच भाग समजतात. तोंडात पांढरं पडलं, मग तोंड उघडेना, मग गालात गाठ. नागपूरला नेलं. गालाचा तुकडा काढला, नंतर किरणांचे शेक दिले. परत आले तेव्हा तोंडात दोन बोटंसुद्धा मावत नव्हती, आणि वरणातली हळददेखील त्यांना चटका देत होती.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, एकच गोष्ट बजावून सांगितली. वजन घसरू देऊ नका. वजन टिकलं तर माणूस टिकेल.

आणि काकाजी जेवेनात. काकू मऊ भात करायच्या, पेज करायच्या, दुधात पोळी कुस्करायच्या. ते दोन चमचे घ्यायचे आणि ताट सरकवायचे. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचो.

"अजी, दोन घास तरी घ्या."

"काय घेऊ? हे जेवण होय का? हे त लेकराले लावाची पेज होय."

"मिरची टाकू का मंग तुमच्या मढ्यावर?" काकू चिडून म्हणायच्या.

काकाजींचं वजन अडतीतल्या काट्यावर व्हायचं. दर सोमवारी काकू त्यांना घेऊन जायच्या, आणि ज्या लोखंडी पाटावर आयुष्यभर पोती चढली त्यावर काकाजी धोतर सावरून उभे राहायचे. हमाल चेष्टा करायचे, कारण चेष्टा केली नसती तर काय केलं असतं? "काकाजी, पोत्यात भरून घेऊ का? सरळ उभे रायत नाई तुमी!" काकाजी हसायचे, म्हणजे ओठांचा एक कोपरा हलायचा. आकडा मात्र दर सोमवारी खाली यायचा. चव्वेचाळीसवर आला तेव्हा हमालांनी चेष्टा बंद केली.

त्या दिवशी मी दुकानातलं ते घरजावयाचं पाकीट खिशात घातलं आणि भिंतीपाशी गेलो.

मला वाटलं होतं ते पाकीट फेकून देतील. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे जळजळ करत नाई?"

"अजिबात नाही. मी कच्ची खातो."

"तुमी खाता म्हणजे लेकराले चालन," ते म्हणाले. आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांना खालून भोकं पाडायला लागले.

माणूस बदलला म्हणून सांगू! पावसाळा सरता सरता त्यांनी बी टाकलं. रोपं बोटभर झाली तशी बादल्यांत लावली. गाळाची माती तळ्यावरून आणवली, शेणखत हाताने चाळलं. सकाळी एकेका झाडापाशी उकिडवे बसून पानं उलटी करून पाहायचे. "हे बुटकं हाये पण कामाचं हाये," एक दिवस म्हणाले. त्यांच्या तोंडून शिमला मिरचीची स्तुती! मी घरात जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, आजारी माणसाची टिंगल करू नका.

थंडी पडली आणि झाडं लदबदली. काकू पिकलेली लाल मिरची चुलीत भाजायच्या, साल काढायच्या, मऊ भातात तुपाबरोबर कुस्करायच्या. पहिल्या घासाला काकाजींचा डावा डोळा मिटला. आम्ही दोघं श्वास धरून उभे.

"तिखट नाई," ते म्हणाले. "पण वास मिरचीचाच हाये." आणि त्यांनी ताट संपवलं.

त्या हिवाळ्यात काटा सत्तेचाळीसवर गेला. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

इथे ही गोष्ट थांबली असती तर मी ती चारचौघांत हसत सांगितली असती. पण आमच्या भागातला मिरचीवाला माणूस एक गोष्ट करतोच. चांगलं फळ दिसलं की त्याचं बी धरतो. बाप धरायचा, आजा धरायचा. बियाणं विकत आणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरून रोज विस्तव मागून आणण्यासारखं. काकाजींनी सगळ्यात मोठी, सगळ्यात लाल फळं झाडावर राखली, वाळवली, बी काढून कपड्यात बांधलं आणि आढ्याला टांगलं.

मी म्हणालो, "काकाजी, हे बी धरू नका. तुळशीपाशी काकूंची देशी तिखट मिरची आहे. मधमाशा या फुलावरून त्या फुलावर जातात, बी मिसळतं. पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही."

"चाळीस वर्षं मिरची पाहून राहिलो मी. तुमी मले बी सांगता?"

आता माझं पाप ऐका. पुढच्या हंगामात त्याच वाणाची ताजी पाकिटं माझ्या दुकानात होती. एक पाकीट नेऊन देणं म्हणजे दहा पावलं. मी नेलं नाही. राग नव्हता, आळसही नव्हता. मला गंमत पाहायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिरचीचं पितळ उघडं पाडणारा माणूस, त्याच्याच बादलीतली मिरची त्याला फसवणार! मी तो प्रसंग मनात रंगवून ठेवला होता. ते डोळा मिटणार, दचकणार, मी भिंतीवरून टाळी वाजवणार, सगळे हसणार. त्यांचं तोंड म्हणजे आतून उघडी जखम आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. गमतीच्या नादात ते मागे पडलं.

फळं धरली तेव्हा काही झाडांवर ती जरा निमुळती दिसत होती. काकाजींनाही दिसलं. "टोक निघालं हाये. माती बदलली म्हणून असन," ते म्हणाले. मी मान हलवली.

पहिलं फळ पिकलं त्या दिवशी काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. मी उंबऱ्यात बसलो. भाजलेली मिरची, मऊ भात, तूप. काकाजींनी घास तोंडात सरकवला. डावा डोळा मिटला. मग उजवाही मिटला.

ते ओरडले नाहीत. थुंकले नाहीत. ताटाच्या काठावरची बोटं पांढरी झाली, कपाळाची शीर वर आली. काकू समोर बसून विचारत होत्या, "कशी झाली जी? औंदा आपल्या घरच्या बियाची हाये." त्यांनी तो घास गिळला. मला तो गळ्यातून उतरताना दिसला.

"मस्त हाये," ते म्हणाले.

आणि त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं.

आठ दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. तोंड आतून सोलवटलं होतं. काकूंना सांगितलं, "थंडीनं झालं." सोमवारी काटा त्रेचाळीसवर होता.

नवव्या दिवशी काकू कोंढ्याला भावाकडे बारशाला गेल्या. काकाजींनी भिंतीवर काठी वाजवून मला बोलावलं.

"तुमाले मालूम होतं," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"हो जी."

मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयार होतो, मला त्या हव्याही होत्या. पण त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि बारा बादल्यांकडे बोट दाखवलं. "बारा झाडं हायेत. कोणती गोड, कोणती तिखट, मले पायता येत नाई. तुमी चाखा. तुमची जीभ कच्ची हाये, थे खोटं नाई बोलणार."

"काकूंना सांगू या ना. त्या चाखतील."

"तिले सांगाचं नाई," ते म्हणाले. "तिनं आपल्या हातानं घास कुस्करला होता."

मग सुरू झालं आमचं बाजारपेठेतलं सगळ्यात छोटं दुकान. काकाजी खाटेवर, मी स्टुलावर, मध्ये तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. पहिल्या झाडाचं फळ गोड निघालं. दुसऱ्याचं गोड. मी शेर झालो, तिसऱ्याचा मोठा लचका तोडला, आणि तुम्हाला सांगतो, माझ्या कानांतून वाफ निघाली. मी उठून अंगणात दोन चकरा मारल्या, गूळ चघळला, पाणी प्यालो, शेवटी जीभ बाहेर काढून वारा घेत उभा राहिलो. काकाजी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते.

"जीभ आत घ्या. अजून नऊ हायेत."

"माझ्यात जीव उरणार नाही, काकाजी."

"उरन. मायात उरला ना?"

मी पुढचं फळ उचललं. पाचव्यापासून मी काही सांगायच्या आधीच ते झाडाचा निकाल लावायला लागले. माझी भुवई कशी हलते, नाकपुडी कधी फुगते, ते बघून. चाळीस वर्षं जे जिभेने केलं ते आता डोळ्यांनी, दुसऱ्याच्या तोंडावरून. एकदा मी मुद्दाम तोंड मख्ख ठेवलं. "लपवू नका," ते म्हणाले, "डोयात पाणी आलं तुमच्या." नंतरची सगळी फळं मी प्रामाणिकपणे चाखली. माझे ओठ सुजले, नाक वाहू लागलं. ते एकदाही हसले नाहीत. मला वाटतं, मी तेवढ्यासाठीच इतका नाचत होतो. ते हसावेत म्हणून.

सात झाडं तिखट निघाली, पाच गोड. ती सातही झाडं त्यांनी स्वतः उपटली. फळांनी भरलेली झाडं. हातात जोर नव्हता, तरी मला हात लावू दिला नाही. काकू परत आल्यावर सांगितलं, "मुळं सडली होती."

पाच झाडांनी काय होणार होतं? ती ठेंगणी झाडं जीव तोडून फळत होती, दर तीन-चार दिवसांनी एखादं लाल फळ द्यायची, काकू ते भाजायच्या. मी दुकानातलं ताजं बी आता कुठे आणून टाकलं, पण आधी रोप व्हायला वेळ आणि मग फळायला दोन महिने हवे होते. दोन महिन्यांत येणारं लवकरचं वाण म्हणून मी ते गावभर सांगत फिरलो होतो. दोन महिने किती लांब असतात ते तेव्हा कळलं. काटा एकेचाळीसवर आला, आणि गळ्याखाली पुन्हा गाठ लागली.

नागपूरला भरती केलं. काकू तिथेच राहिल्या. झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. एकदा तीन फळं एकदम पिकली तेव्हा काकू कपडे न्यायला गावी आल्या होत्या, आम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघालो. डबा माझ्या मांडीवर होता.

उमरेडच्या पुढे काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "भाऊ, थे मिरची तिखट होती. मले त्याच दिवशी समजलं. ताट धुताना बोट चाटलं होतं मी."

मी विचारलं, "मग बोलल्या काहून नाही?"

"ते मस्त हाये म्हणले ना जी. त्यांच्या शब्दावर पूर्ण बाजार चालला. मी कशी खोटं पाडू?"

मी तुम्हाला सांगायला हवं की माझ्या दुकानातल्या पाकिटाबद्दल मी काकूंना तेव्हाही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. हे वाचून कळलं तर कळो.

वॉर्डात काकाजींच्या नाकातून नळी घातली होती. दूध त्या नळीतून जायचं. तोंडाने काही द्यायचं नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. मी डबा लपवायला गेलो, पण त्यांनी हात पुढे केला. तिन्ही मिरच्या त्यांनी हातात घेतल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या, देठाकडून टोकापर्यंत. आवाज जवळजवळ गेला होता.

शेजारच्या खाटेवर तुमसरच्या एका राईस मिलमधला हमाल होता. मानेला पट्टी, पण तोंडाने जेवू शकत होता. दवाखान्याचं ताट पुढ्यात, पांढरा भात, पातळ वरण, आणि तो एकेक शीत निवडल्यासारखा खात होता. काकाजींनी एक मिरची त्याच्याकडे धरली.

"तिखट त नाई ना जी?" तो घाबरून म्हणाला. "मले चालत नाई."

"नाई." काकाजींचा आवाज फाटक्या कापडासारखा आला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यानं पाहिली हाये."

त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. अडत बंद होती, हमाल सगळे आले होते, घाटावर खूप माणसं होती. ते सगळं कुणीही सांगेल. मला मात्र तो वॉर्डच दिसतो. काकूंनी नखांनी मिरचीचे तुकडे करून त्या तुमसरच्या हमालाच्या भातावर ठेवले. त्याने एक घास घेतला, चावला, थांबला, आणि मग भराभर जेवायला लागला. काकाजी कुशीवर वळून त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो चावायचा तेव्हा यांचा जबडा जरासा हलायचा. तो गिळायचा तेव्हा नळीखाली यांचा कंठ वर जाऊन खाली यायचा. त्याचं ताट रिकामं झालं, त्याने बोटं चाटली, हात धुवायला तो उठून गेला. काकाजी त्या रिकाम्या खाटेकडे पाहत होते, आणि गिळत होते.